रेल्वेवेड्यांच्या बैठकीला पहिल्यांदा येताय? आधी हे वाचा

आमच्या गटाला नाव नाही. नाव ठरवायला एकदा खास बैठक बोलावली होती. ‘मंडळ’ की ‘संघ’ यावर दीड तास गेला, मग कोणीतरी चहाचं विचारलं आणि विषय तिथेच मिटला. तर महिन्यातून एका रविवारी, दुपारी साडेचारला, कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं जमतात आणि दोन तास रेल्वेशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. साडेचारच का, हे पुणेकराला सांगायला नको.

नवीन माणूस दर बैठकीला एखादा तरी येतो. त्यातले निम्मे परत येत नाहीत. आम्ही त्यांना पळवून लावतो असं नाही, पण पहिल्या दिवशी समोरच्यांची भाषा कळत नाही, आपण काय बोलावं ते सुचत नाही आणि माणूस कानकोंडा होऊन बसतो. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. तुम्ही दुसऱ्या एखाद्या गटात जाणार असाल तरी यातलं बरंचसं चालेल.

बैठकीच्या आधी: एक गाडी नीट बघा

आमच्याकडे वर्गणी नाही, अर्ज नाही, परीक्षा नाही. अट एकच. येताना स्वतः पाहिलेली एक गोष्ट घेऊन या. वाचलेली नको, मोबाइलवर दिसलेली नको, डोळ्यांनी पाहिलेली हवी.

ही अट मला कशी कळली ते सांगतो. माझ्या पहिल्या बैठकीत मी ऐटीत सांगितलं, की आज सकाळी आझाद हिंद चाळीस मिनिटं उशिरा आली. कोपऱ्यात एक निवृत्त गार्डकाका बसले होते. (२०२२ पासून रेल्वे गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणते. काकांसमोर हा शब्द काढू नका.) त्यांनी शांतपणे विचारलं, “शेवटच्या डब्यावर एक्स होता का?” मी गप्प. मी स्टेशनवर गेलोच नव्हतो, घरी अंथरुणात पडून अॅपवर बघितलं होतं. काका काही बोलले नाहीत, नुसते “बरं” म्हणाले. पुण्यात “बरं” किती प्रकारे म्हणता येतं ते तुम्हाला माहीत आहे.

तो एक्स म्हणजे शेवटच्या डब्याच्या पाठीवर रंगवलेली मोठी पिवळी फुली. तिच्या जोडीला ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) अक्षरांची लहान पाटी आणि रात्री लुकलुकणारा लाल दिवा. हे सगळं शोभेसाठी नाही. गाडी जाताना स्टेशनमास्तर शेवटचा डबा बघतो. फुली दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, मध्येच कुठे तुटून काही डबे मागे राहिले नाहीत. ती खात्री पटल्यावरच मागच्या गाडीला वाट मोकळी करायची, हा मूळ नियम. आता रुळांवरची यंत्रणा ही मोजदाद करत असली तरी फुली गेलेली नाही. म्हणून गाडी बघायची तर इंजिनापासून फुलीपर्यंत बघायची. इंजिनाचा फोटो मिळाला की पाठ फिरवणारे फार असतात.

वही

कॅमेरा नसला तरी चालतं, वही लागते. खिशात मावेल अशी, शक्यतो पेन्सिलीसकट, कारण पावसात पेनाची शाई पसरते. गाडी गेल्या गेल्या लिहायचं. घरी जाऊन लिहू म्हटलं की आकडे बदलतात, हा स्वानुभव.

लिहायचं काय? तारीख, वेळ, जागा, गाडी कुठल्या दिशेची, इंजिनाचा वर्ग आणि नंबर, त्याची शेड (जिथे त्याची देखभाल होते ती जागा), डबे किती, आणि काही वेगळं दिसलं तर ते. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

‘रवि., दापोडी, हॅरिस पूल. स. ८.१२. डाऊन. टाक्यांची मालगाडी. इंजिनं २, दोन्ही डब्ल्यूएजी-९, पुढच्याचा नंबर ३१ ने सुरू, बाकीचा हुकला. टाक्या ४८ (की ४९?). पुलावर वेग कमी केला.’ (डाऊन आणि डब्ल्यूएजी म्हणजे काय, ते पुढे येईल.)

त्या प्रश्नचिन्हाला आमच्याकडे फार मान आहे. मोजताना चुकलं तर तसं लिहायचं, अंदाजाने आकडा भरायचा नाही. पंधरा वर्षांच्या वह्या असलेली मंडळी गटात आहेत. एखादं इंजिन शेवटचं कधी दिसलं यावरून वाद झाला की त्याच उघडतात.

इंजिनाचा वर्ग ओळखायला थोडी बाराखडी लागते, पण ती पाच मिनिटांत येते. पहिलं अक्षर रुळांच्या रुंदीचं: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे नॅरोगेज. दुसरं इंधनाचं: डी म्हणजे डिझेल, ए म्हणजे एसी विजेवर चालणारं, सी म्हणजे डीसीवर, दोन्ही असली तर सीए. मग कामाचं: पी प्रवासी, जी मालगाडी, एम दोन्ही, एस शंटिंग, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवून जुळवणं. म्हणजे डब्ल्यूएपी-७ हे ब्रॉडगेजवरचं, एसी विजेचं, प्रवासी गाडीचं इंजिन. शेडचं नाव इंजिनाच्या अंगावरच लिहिलेलं असतं. कल्याण, अजनी, भुसावळ ही आपल्याकडे वारंवार दिसणारी, आणि डिझेल असेल तर आपली पुण्याची घोरपडीची शेड. डब्यांचं त्याहून सोपं. डब्यावरच्या आकड्यातले पहिले दोन अंक म्हणजे तो डबा बांधल्याचं साल. आपण बसलोय तो डबा आपल्या धाकट्या भावाच्या वयाचा आहे हे कळलं की प्रवासाकडे बघायची नजर बदलते. निदान माझी बदलली.

कुठे उभं राहायचं

सगळ्यात सोपी जागा पुणे स्टेशन. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, आणि नवख्याला दोन तास पुरतात. सध्याची इमारत १९२५ ची आहे. आधी बाहेरून पाच मिनिटं बघून घ्या, घाईत आत शिरणाऱ्यांनी ती कधी पाहिलेलीच नसते. मग प्लॅटफॉर्मच्या मधोमध गर्दीत थांबू नका, टोकाला जा. मुंबई टोकाला गाड्या वळणावरून येताना दिसतात, दौंड टोकाला घोरपडीकडची ये-जा आणि शंटिंग. घोरपडीला मार्ग फुटतात, एक दौंडकडे आणि एक मिरजेकडे, त्यामुळे त्या टोकाला काही ना काही सतत हलत असतं.

जुनी माणसं मात्र तुम्हाला सांगणारच, की खरी मजा गेली. त्यांचं खोटं नाही. पूर्वी मुंबईकडून विजेचं इंजिन यायचं, ते पुण्यात सुटायचं आणि पुढच्या प्रवासाला डिझेल लागायचं. हे सुटणं-जोडणं बघायला पोरं उभी असत. दौंडपर्यंत तारा आल्या, मग मिरजेकडेही आल्या, आणि इंजिनबदल जवळजवळ संपला. त्याआधी आणखी एक गोष्ट गेली होती. मुंबई-पुणे मार्गावर १९२९ पासून १५०० व्होल्टची डीसी वीज होती, तिच्या जागी २५ हजार व्होल्टची एसी आली. कारण साधं आहे. दाब कमी असला की तेवढ्याच ताकदीला प्रवाह जास्त लागतो, मग तारा जाड लागतात आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रं बांधावी लागतात. गाड्या जड होत गेल्या तशी डीसी पुरी पडेना. पण त्या डीसीच्या जमान्यात घाटात राबलेलं ‘खेकडा’ नावाचं मालगाडीचं इंजिन होतं, मध्ये सांधा असलेलं, लांब नाकाडाचं. त्याचा विषय बैठकीत निघाला की घड्याळ बघू नका.

स्टेशनबाहेर बघायचं तर दापोडीचा हॅरिस पूल मला आवडतो. रस्त्याच्या पुलाला समांतर रेल्वेचा पूल, खाली मुळा, आणि पादचाऱ्यांच्या कडेने उभं राहिलं की डबे मोजायला स्वच्छ मिळतात. संगमाजवळूनही गाडी छान दिसते. मळवलीला उतरलात तर भाजे लेण्यांच्या वाटेवरून मागे वळून बघा. पावसाळ्यात हिरव्या पठारावरून जाणारी लोकल तिथून खेळण्यातली वाटते.

इथे चेष्टा नाही

एवढा भाग कृपा करून पूर्ण वाचा. रूळ ओलांडायचे नाहीत, रुळांच्या कडेने चालायचं नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे: परवानगीशिवाय हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्यापेक्षा डोक्यावरच्या तारेला भ्या. २५ हजार व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागत नाही, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. उभ्या मालगाडीवर सेल्फीसाठी चढलेली पोरं अशीच जातात. पादचारी पुलावरून काठी, छत्री, सेल्फी स्टिक बाहेर काढायची नाही.

फोटोंचं थोडं नाजूक आहे. स्वतःच्या आवडीसाठी मोबाइलवर एखादा फोटो काढणं वेगळं आणि तिपाई लावून, दिवे लावून, धंद्यासाठी चित्रण करणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला रेल्वेची लेखी परवानगी लागते. आणि पुणं लष्करी गाव आहे हे विसरू नका. खडकी, देहूरोड, घोरपडी या भागांत कॅमेरा बाहेर काढायच्या आधी आजूबाजूच्या पाट्या वाचा. रणगाडे किंवा लष्करी सामान लादलेली गाडी समोर आली तर कॅमेरा खाली. वहीतही लिहू नका. रेल्वे पोलिसांनी हटकलं तर हुज्जत घालायची नाही. “दादा, गाड्या बघायचा छंद आहे” एवढं म्हणून तिकीट दाखवायचं. बहुतेक वेळा तेच विचारतात, यात काय मजा येते हो? सांगायचं.

बैठकीत काय होतं

चपला बाहेर. आत गोल करून खुर्च्या. पहिला अर्धा तास ‘पाहिलेलं’: प्रत्येकाने आपापल्या वहीतली एक नोंद वाचायची, दोन मिनिटांत. नवीन माणसाला शेवटी ठेवतो, म्हणजे तोवर त्याला रीत कळते. नोंद साधी असली तरी चालते. गेल्या वर्षी एक ताई आल्या होत्या, त्यांनी सांगितलं, की रोज लोकलने शिवाजीनगरला येताना फाटकाच्या आधी एक पिवळी पाटी दिसते, तिच्यावर ‘सी/फा’ लिहिलंय, ते काय? अर्ध्या लोकांना उत्तर तोंडपाठ होतं: सीटी, फाटक, पुढे फाटक आहे, ड्रायव्हरने हॉर्न वाजवावा. पण पाटीपासून फाटक किती अंतरावर आहे, हे कोणीच कधी बघितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात चार जण मोजून आले आणि चौघांची उत्तरं वेगळी.

त्यानंतर चहा. जवळच्या अमृततुल्यमधून किटलीतून येतो, येताना स्वतःचा कप आणा, कागदी कपांवर आमच्यात बंदी आहे. चहाचे पैसे डब्यात टाकायचे. मग कोणीतरी एक विषय मांडतो. कधी सिग्नल, कधी जुनी वेळापत्रकं, कधी बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ मध्ये सुरू केलेली ती अडीच फुटी नॅरोगेज आता ब्रॉडगेज झाली आहे, पण लहानपणी तिच्यात बसलेले लोक अजून आहेत आणि ते बोलायला लागले की पुस्तकं बाजूला ठेवावीत.

भाषेचं एक सांगतो, कारण नवखे हमखास इथे अडखळतात. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईकडून येणारी ‘डाऊन’. चढ-उताराशी त्याचा काहीही संबंध नाही. म्हणून खंडाळ्याचा घाट चढणारी गाडी डाऊन असते आणि उतरणारी अप. पहिल्या दिवशी डोकं गरगरतं, तिसऱ्या बैठकीपर्यंत तुम्हीच दुसऱ्याला समजावता.

दोन गोष्टी टाळा. वंदे भारत बरी की राजधानी, असला सामना लावू नका, त्यातून चहा थंड होण्यापलीकडे काही निघत नाही. आणि रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत “माझं तिकीट कन्फर्म होईल का” विचारू नका. लहान मुलांना जरूर आणा. फक्त दोन तास हॉलमध्ये बसवण्याआधी त्यांना एखाद्या सकाळी कोथरूडमध्येच असलेलं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय दाखवा. तिथून बाहेर पडलेलं मूल बैठकीत प्रश्न विचारतं, खुर्चीवरून उड्या मारत नाही.

पहिला प्रवास: घाट

दोन-तीन बैठकी झाल्या की घाट करा. आम्ही दरवर्षी पाऊस ओसरल्यावर एकत्र जातो, पण एकट्यानेही जमतं. सकाळी कर्जतला थांबणाऱ्या गाडीने खाली उतरायचं, बटाटेवडा खायचा, आणि डाऊन गाडीच्या मागच्या डब्यात बसून परत वर यायचं. मागच्याच, हे महत्त्वाचं.

कर्जतला गाडी थांबते ती बँकरसाठी. बँकर म्हणजे घाट चढवायला मागून लावलेली जादा इंजिनं. भोर घाटाचा, म्हणजे खंडाळ्याच्याच घाटाचा, चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात ही भिंतच. मग सगळी इंजिनं पुढेच का लावत नाहीत? कारण सगळा भार पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे जोडणाऱ्या सांध्यावर, येईल. मागून ढकललं की ओढ वाटली जाते, आणि समजा मध्ये कुठे कपलिंग तुटलंच, तर मागचे डबे उताराला लागत नाहीत. मागच्या डब्यात बसलात तर बँकर टेकल्याचा धक्का कळतो. आधी एक हलकासा ठोका, थोडी शांतता, मग पाठीमागून घुमणारा आवाज, आणि गाडी ओढली न जाता ढकलली जातेय हे अंगाला जाणवतं. पळसधरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावं ओळीने वहीत लिहा आणि बोगदे मोजा. हा हिशेबही पहिल्या फेरीत जुळत नाही.

परत कधी तोच घाट उतरताना लक्ष ठेवा. गाडी ठरावीक ठिकाणी मुद्दाम थांबते, ब्रेक धरतायत याची खात्री करायला. मुख्य रुळापासून एक फाटा चढावर गेलेला दिसेल, ती कॅच सायडिंग. गाडी आवरली नाहीच तर तिने त्या चढावर चढून थांबावं, म्हणून. पावसाळ्यात कड्यावर दोर लावून सुटे दगड काढणारी माणसं दिसतील. त्यांना हात करा, ते उलटून करतात.

घाटाचा इतिहास बैठकीत अनेकदा ऐकाल, म्हणून थोडक्यात. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्येच सुरू झाली होती आणि खाली खोपोलीपर्यंतही रूळ आले होते. मधला घाट लोक पालखीतून, बैलगाडीतून, पायी पार करत. तो जोडला गेला २१ एप्रिल १८६३ ला. काम चालू असताना कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारले, आणि पुढचं कंत्राट त्यांच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेल यांनी, पुरं करून घेतलं. हजारो मजूर त्या डोंगरात पटकी-तापाने गेले, त्यांची नावं कुठे नाहीत.

लोणावळ्याला उतरल्यावर पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ती टिपा. कर्जतच्या पाटीवरची आधीच टिपलेली असेल. वजाबाकी करा. साडेपाचशे मीटरच्या आसपास उत्तर यायला हवं. नाही आलं तर एक पाटी चुकीची वाचलीत. ही वजाबाकी घेऊन बैठकीला आलात तर गार्डकाका पुढे सरकून बसायला जागा करतील, हे मी पाहिलेलं आहे.

आणि १ जून

वर्षातून एक बैठक हॉलमध्ये होत नाही. १ जून १९३० ला दख्खनची राणी पहिल्यांदा धावली, आणि तिचा वाढदिवस दर १ जूनला पुणे स्टेशनवर होतो. हार, फुगे, ढोल, केक, सगळं. सुरुवातीला तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते, एक रुपेरी आणि एक निळा, आणि ती फक्त शनिवार-रविवारी धावायची. २०२२ च्या जूनमध्ये तिला एलएचबी म्हणजे नव्या घडणीचे डबे लागले, पण डायनिंग कार ठेवली, यावर पासधारक आणि आम्ही, दोघंही पहिल्यांदाच एकमताने खूश झालो.

या दिवशी साडेसहाला स्टेशनवर हजर राहा, प्लॅटफॉर्म तिकिटाची रांग धरून. इंजिनाजवळ गर्दी प्रचंड असते आणि तिथून कोणालाच काही दिसत नाही. आम्ही शेवटच्या डब्याशी उभे असतो, फुलीजवळ. केक तिथपर्यंत येत नाही. गाडी मात्र ७.१५ ला सुटते, तेव्हा फोटो त्याआधी काढून घ्या.